कावळ्याला दिलेला शब्द

माझ्या साडूंनी हाती घेतलेलं एकही काम आजवर तडीस गेलेलं नाही, आणि हे मी ऐकीव सांगत नाही, कारण त्यांची बहुतेक कामं सुरू होताना नारळ फोडायला मीच उभा होतो. ऐरोलीत फ्लॅट घेतला तेव्हा स्वयंपाकघराचं डिझाइन त्यांनी स्वतः केलं. सगळं झालं, फक्त ड्रॉवरच्या मुठी राहिल्या. "पर्फेक्ट हॅण्डल मिळंना बघा साडूभाऊ, शोध चालू आहे," असं ते मला वास्तुशांतीला म्हणाले होते. आता त्यांचा मुलगा कॉलेजात जातो आणि माझी मेहुणी अजून सुरीचं टोक फटीत घालून ड्रॉवर उघडते. सुरी ज्या ड्रॉवरमध्ये असते तो कशाने उघडते, हे मी विचारलेलं नाही. एका वर्षी गणपतीला त्यांनी कासचं पठार करायला घेतलं, फुलं उमलणारी, पवनचक्की फिरणारी. गणपती बिचारा सगळे दिवस साध्या पाटावर बसून राहिला आणि विसर्जनाच्या दुपारी पठार तयार झालं. मूर्ती तलावाकडे निघाली, आणि साडू मात्र शेजाऱ्यांना घरात बोलावून रिकामं पठार दाखवत होते. पवनचक्की तोपर्यंत फिरायची थांबली होती.

साडू हे नातंच मुळात विचित्र आहे. रक्ताचं नाही, मैत्रीचं नाही. एकाच सासऱ्याच्या दोन मुली दोघांनी केल्या, एवढ्या भांडवलावर जन्मभर एकमेकांची कौतुकं ऐकायची. मी बँकेतला माणूस, ते कॉम्प्युटरवाले. मी अलिबागकडचा, मासा बाजारात नुसता लांबून बघून ताजा की शिळा सांगणारा. ते बार्शीकडचे, तिथे पाण्याचाच पत्ता नाही तर मासा कुठला. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा आमच्या सासूबाईंनी हौसेने कर्लीचं तिखलं केलं होतं. कर्ली म्हणजे नुसते काटे, चव घ्यायची तर जीभ शिकलेली लागते. ह्या गृहस्थांनी पिठलं-भाकरीसारखा घास केला, दणदणीत चावला आणि गिळला. मग कोरडा भात झाला, केळी झाली, पाठीत गुद्दे झाले, आणि शेवटी कानानाकाच्या डॉक्टरकडे जावं लागलं. दुसरा कोणी असता तर त्याने माशाचं नाव टाकलं असतं. हे पुढच्या रविवारी पुन्हा हजर. आणि त्या दिवसापासून आमचे सासरे, ज्यांना आम्ही अप्पा म्हणत असू, ह्या घोड्याएवढ्या माणसाच्या ताटातल्या माशाचे काटे स्वतःच्या हाताने काढून द्यायला लागले. मी थोरला जावई. मला कोणी कधी मोसंबीची बीसुद्धा काढून दिली नाही.

सासूबाई गेल्यावर अप्पा आमच्याकडे नेरूळला राहायला आले. गोदीत नोकरी करून निवृत्त झालेला, देवगडकडचा माणूस. लहानपण खाडीच्या कडेला गळ टाकण्यात गेलेलं. नेरूळच्या चौथ्या मजल्यावर त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ते टीव्ही बघत, तोही आवाज बंद करून. त्यातल्या एका कार्यक्रमावर त्यांचा फार जीव. कोणी एक गोरा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून लांबलचक दोरी डोक्यावरून मागे-पुढे फिरवतो, दोरीच्या टोकाला पिसांची आणि दोऱ्याची खोटी माशी असते, आणि ट्राउट नावाचा ठिपकेवाला मासा तिला फसतो. अप्पा ते बघताना अगदी पुढे सरकून बसत. "गांडूळ नाय, सुंगट नाय, पिसाक फसता मेलो!" असं म्हणत आणि मग दर वेळी न चुकता, "एकदा करून बघूक व्हया." आम्ही सगळ्यांनी हे इतक्या वेळा ऐकलं होतं की ऐकू येणं बंद झालं होतं. साडू मात्र दर रविवारी ऐरोलीहून येऊन त्यांच्याशेजारी बसत, आवाज बंद असलेला तो कार्यक्रम शेवटपर्यंत बघत आणि विचारत, "अप्पा, हे पाणी किती गार असंल हो?" दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्यावर त्यांची चर्चा मात्र जेवणाची पानं वाढेपर्यंत चाले.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी अप्पा गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, कोणाला दिलाही नाही. मुलगा नव्हता, म्हणून क्रियेला मी बसलो. दहाव्याचा विधी आम्ही दिवाळे ह्या कोळीवाड्याच्या अलीकडे, खाडीकाठच्या घाटावर केला. ओल्या पंचात, उपाशी पोटी, उन्हात बसून मी भटजी सांगतील ते सगळं केलं. पिंड ठेवला. हात जोडले. मागे सरकलो. आणि कावळा काही शिवेना.

कावळे नव्हते असं नाही. पुष्कळ होते. पण दिवाळ्याला कोळणींनी बोंबील वाळत घातलेले असतात, आणि तिथल्या कावळ्यांना सकाळपासून सुक्या माशाची मेजवानी चालू असते. त्यांनी भाताच्या गोळ्याकडे का बघावं? हे माझं शास्त्रीय मत मी मांडलं, पण अशा वेळी शास्त्र कोण ऐकतो. भटजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल त्यांची. बोला, मोकळेपणी बोला." मी पुढे झालो आणि थोरल्या जावयाला शोभेल अशा आवाजात म्हणालो, "अप्पा, दोन्ही मुलींची काळजी करू नका, मी आहे." कावळ्यांनी ढुंकून पाहिलं नाही. माझ्या बायकोने गावच्या देवळात समई द्यायचं कबूल केलं. मेहुणीने अप्पांच्या नावाने दर वर्षी अन्नदान कबूल केलं. काही नाही. भटजींना पुढे वाशीला जायचं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि दर्भ वळायला घेतला, म्हणजे दर्भाचाच कावळा करून पिंडाला टेकवायचा आणि मोकळं व्हायचं.

तेवढ्यात मागून साडू आले. ते गाडी लावायला गेले होते आणि पार्किंग शोधत बसल्यामुळे अर्धा विधी त्यांनी चुकवलाच होता. सगळ्यांचे चेहरे बघून त्यांना काय झालं ते कळलं. ते थेट पिंडासमोर गेले, हात जोडले आणि म्हणाले, "अप्पा, तुमचा तो ट्राउट मी धरतो. माशीवरच धरतो. शब्द देतो बघा." आणि बोंबलांच्या दोरीवरून एक काळाकुट्ट कावळा उठला, सरळ आला आणि पिंडाला चोच मारून गेला.

माझी बायको आणि मेहुणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. भटजींनी दर्भ खाली ठेवला. मी तिथेच सांगितलं की कोळणीने हाकलला म्हणून तो कावळा इकडे आला, मी स्वतः पाहिलं. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. परत येताना गाडीत बायको म्हणाली, "वर्षश्राद्धाच्या आत झालं पाहिजे हं. शब्द दिलाय." अप्पांची शेवटची इच्छा कोणाच्या हाती पडली, तर ज्यांना ड्रॉवरला मुठी बसवता आल्या नाहीत त्यांच्या.

पुढच्याच रविवारी साडूंनी ऐरोलीला मीटिंग बोलावली. मीटिंगला त्यांनी 'किक-ऑफ' असं नाव दिलं होतं. हॉलमधल्या भिंतीवर, जिथे त्यांची एक तार कमी असलेली गिटार लटकते तिच्या शेजारी, प्रोजेक्टरचा उजेड पाडला होता. पहिल्या चित्रात हार घातलेले अप्पा आणि खाली 'प्रोजेक्ट अप्पा'. मग हिमाचल, मग तीर्थन नदी. नदीच्या नावातच तीर्थ आहे म्हटल्यावर बायकोने मनातल्या मनात नमस्कार केला. मग धोके. धोक्यांच्या तक्त्यात दरड होती, अस्वल होतं, आणि अस्वलाच्या खाली 'साडूभाऊंचा गुडघा' होता. मी मासे खातो म्हणून मला 'एक्स्पर्ट' असं पद दिलं होतं. मी विचारलं, "जायचं कधी?" साडू म्हणाले, "डेट नंतर की. आधी प्लॅन फ्रीज होऊ द्या." मी बायकोकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहायचं टाळलं.

थंडीत तिथे मासेमारीला बंदी असते, म्हणून निदान मार्चपर्यंत काही बोलायची सोय नव्हती. त्या काळात साडूंनी सामान आणलं. काठी आली, तिला बसवायचं रीळ आलं, खास दोरी आली, छातीपर्यंत येणारी रबरी विजार आली. ती विजार घालून ते सोसायटीच्या लिफ्टमधून गच्चीवर सरावाला जात. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये भेटलेल्या म्हाताऱ्या बाईंनी टाकी साफ करायला आलेला माणूस समजून त्यांना आपल्या बाथरूममधली गळती दाखवायला नेलं. साडू गेले. गळती बघितली, तिचा फोटो काढला, उपाय शोधतो म्हणाले. ती गळती अजून चालू आहे.

गच्चीवरचा सराव हा एक वेगळाच छळ होता. ही दोरी पुढे फेकण्याआधी मागे फेकावी लागते, आणि मागे काय आहे हे फेकणाऱ्याला दिसत नाही. साडूंच्या मागे कधी केबलची वायर असे, कधी वाळत घातलेले कपडे. सेक्रेटरींच्या बायकोचा गाऊन त्यांनी एकदा दोरीसकट उचलला आणि तो कठड्यापलीकडे खालच्या मजल्याच्या जाळीवर जाऊन बसला. त्यावर सोसायटीच्या सभेत ठराव आला. आणि एकदा साडूंच्या मागे मी होतो. मला बोलावलं होतं ते 'एक्स्पर्ट' म्हणून, उभा होतो चहाचा कप घेऊन, आणि सुईसारखी कळ आली ती उजव्या कानाच्या पाळीत. खोट्या माशीच्या पोटात खरा गळ असतो, हे मला त्या दिवशी पक्कं समजलं. "हलू नका साडूभाऊ, हलला की आत जातो," असं म्हणत त्यांनी आधी मोबाइलवर गळ काढायचा व्हिडिओ शोधला, मग जाहिरात संपायची वाट पाहिली. शेवटी डॉक्टरांनीच तो काढला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. कपाळावर हात मारायचीही सोय नव्हती, कारण एक हात कानाला होता आणि दुसऱ्यात चहाचा कप.

मग त्यांनी माशा बांधायला घेतल्या. विकतची माशी चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. जेवणाच्या टेबलाला एक छोटी लोखंडी पकड बसवली, तीत गळ धरायचा आणि त्यावर दोरा, लोकर, पीस गुंडाळायचं. जेवण टेबलावरून जमिनीवर आलं. पीस कावळ्याचंच हवं होतं. "साक्षीदार आहे तो," साडू म्हणाले. "तोच नसला तर नसू दे, त्याच्या जातीतलं तरी पाहिजे की." त्यासाठी ते रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी सोसायटीच्या जांभळाखाली वाकून फिरत. वॉचमनला वाटलं, साहेबांची अंगठी हरवली. आणि लोकरीसाठी ते आमच्याकडे आले.

अप्पांची एक तपकिरी माकडटोपी होती. नेरूळला थंडी ती काय पडते, पण नोव्हेंबर लागला की अप्पा ती कानांवरून ओढून घेत आणि मार्चपर्यंत काढत नसत. फोटोत सुद्धा तीच. ती टोपी माझ्या बायकोने कपाटात ठेवली होती, न धुता, तिला अजून त्यांच्या तेलाचा वास येई. साडूंनी मागितली तेव्हा मला वाटलं ही नाही म्हणेल. ती आत गेली, टोपी घेऊन आली, खुर्चीत बसली आणि कात्रीने गळ्याजवळचा एक टाका कापून स्वतःच धागा उसवायला लागली. उसवता उसवता म्हणाली, "किती लागेल?" साडू म्हणाले, "हातभर पुरे, ताई. बाकीची तशीच ठेवा." मी पेपर वाचत होतो. त्या दिवशीच्या पेपरात काय होतं ते मला आठवत नाही.

मार्च आला. साडूंच्या ऑफिसात काहीतरी 'रिलीज' होतं. एप्रिलात म्हणे बर्फ वितळून पाणी वाढतं. मे महिन्यात गर्दी. मग पाऊस, तेव्हा नदी गढूळ. मी दर रविवारी विचारायचो आणि दर रविवारी त्यांच्याकडे नवं कोरं कारण असायचं, तेही तक्त्यात रंग भरून. मध्येच एक दिवस ते मला दिवाळ्याला घेऊन गेले, कशाला तर जिवंत मासा हातात धरायचा सराव करायला. कारण आत्ता कुठे त्यांच्या लक्षात आलं होतं की मासा लागला तर तो हाताने काढावा लागेल, आणि त्यांनी जन्मात जिवंत माशाला हात लावलेला नव्हता. धक्क्यावर नुकतीच होडी लागली होती. एका कोळणीने पाटीतला तडफडणारा मासा उचलून त्यांच्यापुढे धरला. साडूंनी बोट पुढे केलं, मासा उडाला, साडू दोन पावलं मागे गेले. बाई हसून हसून खाली बसली. "हात लावाला भीतंय," ती मला म्हणाली, "नि मासा पकराला चाललाय! बायको हाय का ह्याला?" मी अभिमानाने सांगितलं की आहे, माझीच मेहुणी आहे. साडूंनी तरीही तिला त्या माशाबद्दल विचारलं, तो पाण्यात असताना कुठल्या बाजूला तोंड करून उभा राहतो म्हणून. "मना काय म्हाईत," ती म्हणाली, "माज्याकरं येतंय तवा आडवाच असतंय." हे उत्तर साडूंनी मोबाइलमध्ये टिपून घेतलं.

भाद्रपदात मी चिडलो. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. बायको रोज काही बोलत नसे, पण देवघरातल्या अप्पांच्या फोटोला फूल घालताना थांबायची, आणि मला तेवढं पुरायचं. मी साडूंना फोन करून स्पष्ट विचारलं, "शब्द दिला होतात ना?" ते म्हणाले, "दिला की. पण कावळ्यानं काही तारीख नव्हती घातली, साडूभाऊ." इतकं निर्लज्ज उत्तर मी बँकेतल्या थकबाकीदारांकडूनही ऐकलं नव्हतं. मग पितृपंधरवडा, त्यात प्रवास नको. मग घट. शेवटी बायकोने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "तुम्ही त्यांच्यासोबत जा. तुम्ही गेल्याशिवाय हे काही होत नाही. दसरा झाला की निघा आणि करून या." त्या 'करून या'मध्ये असं काही होतं की मी माझ्या गुडघ्याचं नावसुद्धा काढलं नाही. तिकिटं मी काढली. परवान्याची चौकशी मी केली. साडूंच्या दारात टॅक्सी घेऊन मी उभा राहिलो, तेव्हा ते रबरी विजारीची घडी कशी घालायची याचा व्हिडिओ बघत होते.

तीर्थन नदी सुंदर आहे हे कबूल केलं पाहिजे. पाणी इतकं स्वच्छ की तळातला गोटा न् गोटा दिसावा, आणि इतकं गार की अप्पांच्या आणि साडूंच्या त्या सगळ्या चर्चेचं उत्तर मला एका बोटात मिळालं. गाईड तिथलाच, अबोल. आणि मला मानायला जड जातं, पण साडूंना दोरी टाकता येत होती. वर्षभर गच्चीवर लोकांचे कपडे उचलून का होईना, हात बसला होता. दोरी मागे जाई, सरळ होई, पुढे येई आणि ती तपकिरी-काळी माशी पाण्यावर अलगद उतरे. गाईड म्हणाला, "साहब का हाथ अच्छा है." मासे वर येतही होते. ठिपकेदार पाठ चमकायची, पाण्यावर वलय उठायचं, आणि मासा सुटायचा. दर वेळी सुटायचा. माशीला साडू कोणाला हात लावू देत नव्हते, त्यामुळे गाईड नुसताच डोकं खाजवायला लागला. मी खडकावर बसून थर्मासमधला चहा पीत होतो आणि मनात म्हणत होतो, अखेर इथपर्यंत येऊनही हा माणूस टोकावर अडला. दुसऱ्या दिवशीही तेच. आम्हाला संध्याकाळी निघायचं होतं.

गाईड दुपारी मॅगी आणायला वर रस्त्यावर गेला. मी जरा जवळून बघावं म्हणून साडूंच्या मागे जाऊन उभा राहिलो. शहाणा माणूस एकदा ठेच लागली की शिकतो. दोरी मागे आली आणि फट्कन माझ्या कानावर बसली. त्याच कानावर. मी ओरडलो, कान धरला, डोळे मिटले आणि कळ यायची वाट पाहत राहिलो. कळ आलीच नाही. माशी माझ्या बोटांत अलगद आली. मी ती डोळ्यांजवळ धरली. अप्पांच्या टोपीची लोकर, कावळ्याचं पीस, सगळं नीट, सुबक. आणि खाली जिथे गळाचं वळण असायला हवं तिथे काहीच नव्हतं. पक्कडीने साफ तोडलेलं होतं. तुटल्या टोकावरून कानससुद्धा फिरवली होती, कोणाला लागू नये म्हणून.

मी म्हणालो, "हे काय आहे?"

साडू पाण्यात उभे होते. त्यांनी दोरी गुंडाळायला घेतली, ती हातात गुंतली, मग त्यांनी तो नाद सोडला.

"आमच्या वडिलांच्या वेळी," ते म्हणाले, "कावळा वाटच बघत होता बघा. पिंड ठेवला की शिवला. मी अकरावीत होतो. सगळे म्हणाले, भाग्यवान माणूस, कशात काही गुंतलं नव्हतं त्याचं. मला वाटलं, म्हणजे माझ्याकडं काहीच ठेवून गेले नाहीत." त्यांनी काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. "मासा धरला की अप्पांचं संपलं की हो, साडूभाऊ. मग रविवारी मी तुमच्याकडं येऊन बोलणार काय? एवढं एक राहू द्या त्यांचं."

"मग इथपर्यंत आलात कशाला?" मी जवळजवळ ओरडलो.

"यायला तर लागणारच की," ते म्हणाले. "शब्द दिलाय."

मला भयंकर राग आला. तिकिटांचा, गुडघ्याचा, कानाचा, वर्षभराच्या कारणांचा सगळा राग एकदम आला, आणि त्याच वेळी घशात असं काही रुतलं की कोरडा भात खाऊनही ते खाली गेलं नसतं. बूट काढून मी तसाच पाण्यात उतरलो आणि त्यांच्या हातातून काठी घेतली. मला काही येत नव्हतं. दोरी माझ्याच टोपीवर पडली, मग खडकावर, मग कशीबशी पाण्यात गेली. ती तपकिरी माशी प्रवाहाबरोबर थोडी वाहिली, एका मोठ्या दगडाच्या सावलीत शिरली, आणि माझ्या हाताला खाली ओढ लागली. एकच ओढ, जिवंत. कोणीतरी ती लोकर तोंडात धरली होती. मग सोडून दिली.

"लागला असता!" साडू म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की वर्षश्राद्धाला नव्हे, बारशाला आलेत असं वाटावं. गाईड मॅगी घेऊन आला तेव्हा आम्ही दोघेही ओलेचिंब काठावर बसलो होतो. माशी मी खिशात घातली होती, त्याला दिसू दिली नाही.

नेरूळला पोचलो तेव्हा बायको दारातच उभी होती. तिने पाणी दिलं नाही, बॅग घेतली नाही. म्हणाली, "झालं?"

"नाही लागला," मी म्हणालो. "पाणी फार होतं. आता बंदी लागेल, मार्चनंतर पुन्हा जावं लागणार. कावळ्यानं काही तारीख नव्हती घातली." ते वाक्य माझ्या तोंडून गेल्यावर मला कळलं की ते कोणाचं होतं.

ती रागावेल अशी माझी खात्री होती. ती आत गेली, कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, आणि आतूनच तिने विचारलं, "मग ती टोपी ठेवू ना अजून?"

"ठेव," मी म्हणालो. "अजून लोकर लागेल."

रविवारी साडू आले. बांगडा होता. मी त्यांचं ताट माझ्याकडे ओढलं आणि काटे काढायला बसलो.